कंपनीचा इन्शुरन्स आहे ना!

गल्फमध्ये आपल्याकडचा कुणी वारला किंवा दवाखान्यात अडकला, की गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जो मजकूर फिरतो तो आता मला तोंडपाठ झाला आहे. ‘अस्सलामु अलैकुम. आपल्या मोहल्ल्यातले अमुक भाई रियाधला आयसीयूत आहेत. बिल लाखांत गेलं आहे. घरात कमावणारं दुसरं कुणी नाही. सर्वांनी सढळ हाताने मदत करावी.’ खाली गुगल पेचा नंबर, त्याखाली ‘आमीन’ची रांग. दोन दिवसांत साठ-सत्तर हजार जमतात, कधी दोन लाख. जमवणारी पोरं रात्ररात्र फोन करतात, स्वतःच्या खिशातले घालतात. त्यांच्या नियतबद्दल मला तिळमात्र शंका नाही.

पण असा मेसेज वाचल्यावर माझ्या मनात पहिला प्रश्न येतो, तो विचारला की लोक नाराज होतात. याचा विमा कुठे होता?

मी शारजात एका कंत्राटदाराच्या ऑफिसात बरीच वर्षं हिशेब लिहिले. आता गावी असतो. इंग्रजी आणि थोडं अरबी वाचता येतं म्हणून रायगडच्या आमच्या पट्ट्यातले लोक कागद घेऊन येतात: कुणाचा अपघाताचा रिपोर्ट, कुणाचं मृत्यूचं प्रमाणपत्र, कुणाच्या नवऱ्याचं करारपत्र. त्या कागदांवरून माझं एक मत झालं आहे आणि ते मी इथे स्पष्ट मांडणार आहे. आपल्या समाजाने पन्नास वर्षं पोरं आखातात पाठवली. खाडीपट्ट्यातली निम्मी घरं त्या पैशावर उभी आहेत, मशिदींचे मिनार त्या पैशावर चढले. पण जो माणूस हा पैसा पाठवतो, त्याच्या अंगावर काही कोसळलं तर काय, याची तजवीज आपण आजपर्यंत केलेली नाही. वर्गणीवर भागवलं. आणि वर्गणीला आपण इतकं पवित्र करून ठेवलं आहे की तिच्याबद्दल प्रश्न विचारणारा कंजूष ठरतो.

‘कंपनीचा इन्शुरन्स आहे ना!’ हे उत्तर मला दहातले आठ जण देतात. त्यांच्याकडे प्लास्टिकचं एक कार्ड असतं. त्यावर नाव, नंबर आणि कुठल्या तरी कंपनीचं चिन्ह. कशासाठी, कितीपर्यंत, कुठल्या दवाखान्यात, कधीपर्यंत, यातलं काहीही त्यांनी विचारलेलं नसतं. कार्ड आहे म्हणजे सगळं आहे.

ते कार्ड काय आहे ते बघू. अबुधाबीत २००५च्या आणि दुबईत २०१३च्या कायद्याने कामगाराचा आरोग्य विमा काढणं मालकावर सक्तीचं झालं. सौदीचा कायदा १९९९चा आहे. शारजा, अजमान, रास अल खैमा, फुजैरा, उम्म अल क्वैन इथल्या खासगी नोकरांपर्यंत ही सक्ती पोहोचली ती १ जानेवारी २०२५ला! म्हणजे मी शारजात होतो तेव्हा आमच्या कॅम्पमधली कित्येक माणसं कोणत्याही विम्याशिवाय दहाव्या मजल्यावर चढत होती, आणि गावी विचारलं तर त्यांचे वडील हेच सांगत असणार की कंपनीचा इन्शुरन्स आहे.

दुबईत चार हजार दिरहमच्या आत पगार असलेल्यांसाठी जो किमान विमा आहे, त्याची वर्षाची मर्यादा दीड लाख दिरहम. ताप, अपेंडिक्स, मोडलेला हात याला तो पुरतो. हृदयाची मोठी शस्त्रक्रिया आणि वर महिनाभर आयसीयू झालं तर पुरेलच असं नाही. ठरलेल्या यादीतल्याच दवाखान्यात जायचं, आधी साध्या डॉक्टरकडे, त्याने लिहून दिलं तरच पुढे. बायकोमुलांना तिथे नेलं असेल तर दुबईत त्यांचा विमा ही मालकाची जबाबदारी नाही, व्हिसा ज्याच्या नावावर निघाला त्या नवऱ्याची आहे. या विम्याचा हप्ता मालकाने भरायचा असतो, पगारातून कापायला मनाई आहे. तरी कापणारे आहेत, आणि मुकाट कापून घेणारे त्याहून जास्त.

हा किमान विमा तिथेच चालतो, गावी नाही. दोन महिन्यांच्या सुट्टीवर आलेला माणूस खेडच्या घाटात मोटरसायकलवरून पडला तर त्या कार्डाचा उपयोग शून्य. नोकरी गेली, व्हिसा रद्द झाला की कार्डही गेलं. आणि मुख्य म्हणजे ते कार्ड उपचाराचं आहे. माणूस मेला तर ते कार्ड घरच्यांना एक पैसा देत नाही. उपचाराचा विमा वेगळा, कामावरच्या अपघाताची भरपाई वेगळी, आयुष्याचा विमा वेगळा. आपल्याकडे या तिन्हींना मिळून ‘इन्शुरन्स’ असा एकच शब्द आहे. इथेच सगळा घोळ होतो.

कामावरच्या भरपाईचं घ्या. युएईच्या २०२१च्या कामगार कायद्याप्रमाणे कामामुळे मृत्यू झाला तर कुटुंबाला चोवीस महिन्यांचा मूळ पगार मिळतो, कमीत कमी १८ हजार आणि जास्तीत जास्त २ लाख दिरहम. यातला ‘मूळ’ हा शब्द नीट वाचा. करारात लिहिलेलं असतं: एकूण २००० दिरहम. त्यात मूळ पगार ८००, बाकी खोलीभाडं, जेवण, प्रवास, अमुक भत्ता. हिशेब त्या ८००वर होतो. चोवीस महिन्यांचे १९,२०० दिरहम, आपले साडेचार लाख रुपयांच्या आसपास. सगळा पगार मूळ धरला असता तर ४८ हजार दिरहम झाले असते. मी हिशेब लिहायचो, म्हणून मला माहीत आहे की पगाराचे असे तुकडे काही सोय म्हणून पाडलेले नसतात. ग्रॅच्युइटीही मूळ पगारावरच निघते. आमच्याकडची पोरं मात्र करारावर सही करताना फक्त शेवटचा आकडा बघतात.

आणि हे सगळं कामामुळे मेला तर. रात्री खोलीवर झोपेत छाती दुखून गेला तर ही भरपाई नाही. माझ्यासमोर आलेल्या मृत्यूच्या प्रमाणपत्रांवर बहुतेक वेळा हेच कारण असतं: हृदयक्रिया बंद. वय चाळीस, पंचेचाळीस.

आपल्या सरकारची एक योजना आहे, प्रवासी भारतीय विमा योजना. २००३ची आहे, २०१७मध्ये सुधारली. हप्ता ऐकून लोकांचा विश्वास बसत नाही: दोन वर्षांचे २७५ रुपये, तीन वर्षांचे ३७५. त्यात अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १० लाख, मय्यत परत आणण्याचा खर्च, १ लाखापर्यंत दवाखाना, आजारामुळे काम करण्यालायक राहिला नाही तर परतीचं तिकीट, कोर्टकचेरीसाठी ४५ हजार, बाईमाणसाला बाळंतपणाचा खर्च. मालक बदलला, गाव बदललं तरी अपघाताचं कवच चालू राहतं. मुंबईत चौघांच्या बिर्याणीला लागतात तेवढे पैसे.

मग लोकांकडे ही पॉलिसी का नसते? कारण ती सक्तीची आहे फक्त ज्यांच्या पासपोर्टवर ईसीआर आहे त्यांना, म्हणजे ज्यांना अठरा ठरावीक देशांत नोकरीला जाताना इमिग्रेशनची परवानगी लागते. दहावी पास झालं की पासपोर्ट ईसीएनआर होतो, परवानगी लागत नाही, आणि विम्याची सक्तीही गळून पडते. कोकणातल्या आमच्या पोरांनी दहावी केली, आईवडिलांनी पेढे वाटले, आणि सरकारने त्यांच्यावर सक्तीने घातलेलं ते एकमेव कवच निघून गेलं. शिकलेला माणूस स्वतःचा विमा स्वतः काढेल असं सरकारने गृहीत धरलं असावं. सरकारला आपण माहीत नाही.

ज्यांचा पासपोर्ट ईसीआर आहे त्यांचीही दोन-तीन तऱ्हेने वाट लागते. एजंट व्हिजिट व्हिसावर पाठवतो आणि तिथे गेल्यावर कामाला लावतो. मग परवानगीही नाही, पॉलिसीही नाही. ज्यांची निघते त्यांचा कागद एजंटाच्या फायलीत राहतो, घरी कुणाला नंबर माहीत नसतो. आणि तीन वर्षांनी ती संपते. माणूस तिथे बारा वर्षं राहतो. ऑनलाइन नूतनीकरण होतं हे मी आजवर ज्यांना सांगितलं, त्यातल्या एकालाही आधी माहीत नव्हतं. शिवाय १० लाख हे अपघाताचेच, हे विसरू नका. छातीत कळ येऊन गेलेल्याला ते नाहीत.

१२ जून २०२४ला कुवेतच्या मंगाफमध्ये कामगारांच्या इमारतीला आग लागली, चाळीसहून जास्त भारतीय गेले. दोन दिवसांत हवाई दलाचं विमान मय्यती घेऊन कोचीला उतरलं, मंत्री हजर होते. सगळ्या देशाचं लक्ष होतं म्हणून ते झालं आणि व्हायलाच हवं होतं. पण खोलीवर एकट्याने मेलेल्यासाठी विमान येत नाही. त्याच्यासाठी वकिलातीत अर्ज करावा लागतो. भारतीय समुदाय कल्याण निधी आहे, २००९पासून, गरजूंच्या मय्यती आणायला त्यातून पैसे मिळतात. तो मागावा लागतो, आणि मागायला आधी माहीत असावा लागतो.

आता त्या मुद्द्याकडे येतो ज्यावर मला शिव्या बसणार आहेत. ‘विमा हराम आहे.’

मी मुफ्ती नाही. पण वाचता येतं, आणि वाचल्यावर जे दिसतं ते असं की हा प्रश्न आपल्या मोहल्ल्यातल्या ओट्यावर वाटतो तितका बंद झालेला नाही. एकोणिसाव्या शतकात शामच्या इब्न आबिदीन यांनी समुद्री विम्याबद्दल लिहिलं तेव्हापासून उलेमा यावर बोलत आहेत. त्यांनी तो नाजायज ठरवला. विसाव्या शतकात मुस्तफा जरका यांच्यासारख्या मोठ्या फकीहाने जायज ठरवला. १९८५मध्ये जेद्दाच्या आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीने ठराव केला: ठरावीक हप्त्याचा व्यापारी विमा नाजायज, एकमेकांना मदत करण्याच्या तत्त्वावरचा सहकारी विमा जायज. त्याच्याही आधी, १९७९मध्ये सुदानमध्ये पहिली तकाफुल कंपनी सुरू झाली होती. आपल्याच देशातल्या इस्लामिक फिकह अकादमीने नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, दंगलींत होणारी बरबादी बघून, हिंदुस्थानच्या परिस्थितीत जान आणि मालाचा विमा घ्यायला मुभा दिली. आक्षेप खोटे नाहीत. अनिश्चितता, जुगाराचा अंश, व्याजात गुंतवलेले पैसे, हे तिन्ही मुद्दे गंभीर आहेत आणि ज्याला ते मनापासून टोचतात त्याच्याबद्दल मला आदर आहे.

पण तसा माणूस मला फार कमी वेळा भेटला. मला भेटतो तो असा: पोरीच्या लग्नासाठी मनी बॅक पॉलिसी चालू आहे, बँकेत एनआरआय एफडी आहे, गाडी हप्त्यावर घेतली आहे, आणि टर्म इन्शुरन्सचं नाव काढलं की तवक्कुल आठवतो. व्याजाचा खरा वास ज्या पॉलिसीला येतो ती त्याने घेतलेली असते, कारण त्यात पैसे परत मिळतात. जिच्यात आपण जिवंत राहिलो तर काहीच परत मिळत नाही, फक्त बायकोमुलांना मिळतं, ती तेवढी हराम. उंट बांधून ठेवण्याची हदीस आपल्या पोरांना मदरशात पाठ करून घेतली जाते. मोठे झाल्यावर उंट मोकळा सोडणं म्हणजेच ईमान असं त्यांना कोण शिकवतं ते मला शोधायचं आहे.

आणि गल्फमध्ये राहणाऱ्याला तर ही सबबच नाही. सौदीत कायद्यानेच विमा सहकारी तत्त्वावरचा असावा लागतो. युएईत तकाफुल कंपन्या आहेत, त्यांच्यावर शरिया बोर्ड आहेत. भारतात तकाफुल विकणारी परवानाधारक विमा कंपनी आज नाही, हे खरं. पण जो दुबईत बसून मला ‘भारतात हलाल विमा मिळत नाही’ असं सांगतो, त्याच्या खोलीपासून बसच्या तिकिटावर हलाल विमा मिळतो. त्याने चौकशी केलेली नाही, एवढंच.

शिवाय ओझं वाटून घेणं ही कल्पना आपल्याला परकी आहे का? अरबांमध्ये आकिला होती. एकाच्या हातून चुकून खून झाला तर दियत त्याच्या सगळ्या कबिल्याने मिळून भरायची. इस्लामने ती रीत ठेवली. मदिन्याच्या करारात कुठल्या कबिल्याने आपली दियत आपसात कशी भरायची ते नोंदवलेलं आहे. आज आपल्या ड्रायव्हर पोरांचा कबिला कुठे आहे? युएईत अपघातात माणूस मेला तर दियत २ लाख दिरहम. गाडीचा विमा चालू असेल तर ती विमा कंपनी भरते, तीच आजची आकिला. विमा संपलेला असेल तर कोण? लायसन्स हलक्या गाडीचं आणि मालकाने ट्रकवर बसवलं असेल तर विमा कंपनी आधी भरून नंतर ड्रायव्हरकडून वसूल करू शकते. म्हणून मी ड्रायव्हरकीला जाणाऱ्या प्रत्येक पोराला सांगतो, चावी हातात घेण्याआधी मुल्कियेवरची आणि विम्याच्या कागदावरची तारीख बघ, आणि गाडी तुझ्या लायसन्सच्या वर्गातली आहे का ते बघ. मालक ओरडला तर ओरडू दे.

वर्गणीचा हिशेबही एकदा मांडू. वर्गणी कुणासाठी जमते? ज्याचा गोतावळा मोठा, ज्याच्या गावची पोरं गल्फमध्ये भरपूर, ज्याची जमात दमदार. वरच्या मोहल्ल्यातला सय्यद असेल तर दोन लाख, वाडीच्या टोकाला राहणारा मच्छीमार असेल तर बावीस हजार. मी दोन्ही यादी पाहिल्या आहेत. विम्याच्या कागदावर मोहल्ला लिहिलेला नसतो. आणि वर्गणी देणारे विचारतात. त्या बाईला पुढची दोन वर्षं प्रत्येक जण विचारतो, पैसे कसे खर्च केले, पोराला इंग्रजी शाळेत का घातलं, नवीन बुरखा कुठून आला. पॉलिसीचे पैसे आले असते तर ते तिचे हक्काचे होते, कुणाला हिशेब द्यायचा नव्हता. सदका घेणाऱ्या हाताला खाली ठेवतो, हे आपण बयानात ऐकतो आणि मग आपल्याच विधवांचे हात खाली ठेवायची व्यवस्था करतो.

सौदीत वारलेल्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होते. पाक जमीन आहे, तिथेच दफन होऊ द्या, असं घरचे म्हणतात. मलाही तसंच वाटेल. फोनवर होकार दिला जातो, कुणीतरी वकालतनामा पाठवतो, दफन उरकतं. त्या घाईत ग्रॅच्युइटी, राहिलेला पगार, पोलिस रिपोर्ट, अपघात असेल तर भरपाई, सगळं मागे पडतं. बायको इद्दतमध्ये. दीर म्हणतो मी बघतो. साडेचार महिन्यांनी ती कागद मागते तेव्हा कंपनीतला तो ओळखीचा माणूस नोकरी सोडून गेलेला असतो. माझ्याकडे आलेल्या एका बाईच्या हातात फक्त इकाम्याचा झेरॉक्स होता. नवऱ्याची अकरा वर्षांची नोकरी, आणि पुरावा म्हणून एक झेरॉक्स! इद्दतमध्ये घराबाहेर पडायचं नाही हे तिला सगळ्यांनी सांगितलं. घरात बसून सही करता येते हे कुणीच सांगितलं नाही.

पॉलिसी असली तरी नॉमिनी बघा. अविवाहित असताना काढलेली असते, नॉमिनी अब्बा. अब्बा वारले, नाव तसंच. २०१५पासून भारतातल्या जीवन विम्यात आईवडील, जोडीदार किंवा मुलं यांना नॉमिनी केलं असेल तर पैसे त्यांच्याच मालकीचे होतात. शरियतचे हिस्से नंतर घरात बसून ठरवा, पण आधी पैसे घरात येऊ द्या.

परत येणाऱ्यांबद्दल थोडं. पन्नाशीत माणूस कायमचा परततो, सोबत शुगर, बीपी आणि एक गुडघा घेऊन. तोपर्यंत भारतातला आरोग्य विमा त्याने कधी घेतलेला नसतो, कारण कार्ड होतं. आता घ्यायला गेला तर जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागतं. २०२४च्या आधी ती मर्यादा चार वर्षं होती. यावर उपाय इतका सोपा आहे की सांगताना संकोच वाटतो: तिथे नोकरी चालू असतानाच, निरोगी असताना, इथली पॉलिसी घेऊन ठेवा. त्याच पॉलिसीत बायको आणि मुलं बसतात. आईवडिलांची वेगळी काढा. थांबायचे दिवस तुम्ही तिथे असतानाच संपून जातील. सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक आरोग्य आणि जीवन विम्यावरचा जीएसटीही गेला आहे.

आणि खोटं लिहू नका. ‘क्लेम देत नाहीत, सगळे चोर आहेत’ असं सांगणाऱ्यांच्या फायली मी उघडल्या आहेत. काही ठिकाणी विमा कंपनीने खरंच छळलं होतं. पण काही ठिकाणी फॉर्ममध्ये शुगर नाही असं लिहिलं होतं आणि दवाखान्याच्या कागदावर आठ वर्षांपासून शुगर अशी नोंद होती. एजंट म्हणाला होता, लिहू नका, हप्ता वाढेल. टर्म विमा घेताना तुम्ही परदेशात काम करता, कुठे, कसलं, हेही लिहायचं. मृत्यू परदेशात झाला तरी पैसे मिळतात, पण तुम्ही तिथे राहता हे लपवलेलं नसेल तर. तिशीतल्या, सिगारेट न ओढणाऱ्या निरोगी माणसाला पन्नास लाखांच्या टर्म विम्याचा महिन्याचा हप्ता साधारण हजार रुपयांच्या आत बसतो. आपल्याकडे पोरं मोबाइलच्या ईएमआयला याच्या तिप्पट भरतात.

केरळचं उदाहरण दिलं की आपल्याकडे लोक वैतागतात, तरी देतो. त्यांनी १९९६मध्ये परदेशातल्या मल्याळींसाठी स्वतंत्र सरकारी खातं काढलं, मग नोर्का रूट्स उभी केली. ओळखपत्र घेतलं की त्यासोबत अपघात विमा. २००८च्या कायद्याने कल्याण मंडळ, पेन्शन. २०२५मध्ये नोर्का केअर, त्यात ५ लाखांचा आरोग्य विमा आणि १० लाखांचा अपघात विमा. तेलंगण सरकार गल्फमध्ये मेलेल्याच्या घरी ५ लाख देतं. महाराष्ट्रात नोर्काच्या तोडीचं काही उभं राहिलेलं नाही, आणि त्याचं खापर मी एकट्या सरकारवर फोडणार नाही. रत्नागिरी-रायगडचा आमदार सुट्टीच्या मोसमात आमच्या मोहल्ल्यात येतो तेव्हा आपण त्याच्याकडे काय मागतो? कब्रस्तानची संरक्षक भिंत, आणि जमातखान्यासाठी पेव्हर ब्लॉक. दोन्ही झालं. जे मागितलं ते मिळालं.

म्हणून माझी मागणी आधी जमातींकडे आहे. दुबई, दोहा, कुवेत, दम्मामला आपल्या प्रत्येक मोठ्या गावचं मंडळ आहे. वर्षाला एक सहल, एक इफ्तार, एक क्रिकेटची ट्रॉफी होते. सदस्यत्वाची वर्गणी घेताना प्रत्येकाकडून एक फॉर्म भरून घ्या: विमा कसला, किती, नॉमिनी कोण, कागद घरी कुणाकडे. इथे नोंदणीकृत संस्था असलेल्या जमातीने आपल्या सदस्यांसाठी सामूहिक अपघात विम्याची चौकशी करावी. विमा नसलेल्या काळात कुटुंबासाठी जकातीतून जे काढावं लागतं त्याच्या तुलनेत तो हप्ता काहीच नाही. ज्याला ऐपत नाही त्याचा हप्ता जमातीने भरावा, तो जिवंत असताना. आणि इमामसाहेबांना विनंती आहे की वर्षातला एक जुमा यावर बोला. जायज-नाजायज जे असेल ते पूर्ण सांगा, जेद्दाचा ठरावही सांगा, तकाफुलही सांगा. अर्धं सांगून माणसाला मोकळं सोडू नका.

मे महिन्यात गल्फची पोरं सुट्टीवर येतील. दर रविवारी जोहरनंतर मी जमातखान्यात बसणार आहे. येताना करारपत्र आणा, इकामा किंवा एमिरेट्स आयडी, इन्शुरन्सचं कार्ड, पासपोर्टचं पहिलं आणि शेवटचं पान, आणि भारतातल्या ज्या काही पॉलिसी कपाटात पडल्या असतील त्या. बायकोला सोबत आणा. ती बाहेर थांबणार नाही, टेबलाशी बसेल, कारण पुढे हे कागद तिलाच शोधायचे आहेत.